एकाच नावाचा अर्ज

खडीच्या खाणीत व्हर्लिनची तिसरी गोळीही पुठ्ठ्यावरच्या गोलाच्या बाहेर गेली, तेव्हा मायलोने दुर्बिणीवरचा डोळा काढला आणि म्हणाला, "वायोमिंगच्या हरणांना हे कळलं ना, तर ती आजच सभा भरवतील. म्हणतील, घाबरू नका रे, मिनेसोटाहून व्हर्लिन स्कोगन येतोय."

"वारा आहे," व्हर्लिन म्हणाला.

"वारा कुठाय? माझ्या सिगारेटचा धूर बघ, सरळ वर चाललाय. वारा तुझ्या कोपरात आहे. नीट टेकव तो."

व्हर्लिनने कोपर गुडघ्यावर टेकवला. बसून मारायची सवय करा, असं टायरेलने बजावलं होतं. टायरेल म्हणजे त्यांचा वायोमिंगचा गाईड. त्याने दोन पानं भरून यादी पाठवली होती. दोनशे यार्डांवर बशीएवढ्या गोलात तीन गोळ्या बसल्याशिवाय येऊ नका. गुडघ्याला बांधायला पॅड आणा, निवडुंगावरून रांगायचं आहे. चामड्याचे हातमोजे आणा. नारिंगी जाकीट आणि टोपी विसरू नका. मांस गार ठेवायला दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी गोठवून आणा, सुटा बर्फ नको, तो वितळून मांस भिजवतो. तीन दिवस अँटिलोप या माळावरच्या हरणांचे, चौथा दिवस प्रेअरी डॉगचा. प्रेअरी डॉग म्हणजे माळावर बिळं करून राहणारी खारीची जात. तिथले गुरं पाळणारे लोक तिच्या नावाने बोटं मोडतात, कारण बिळात पाय अडकून गाईंची हाडं मोडतात. त्या एका दिवसाला माणशी तीनशे काडतुसं लागतील, असंही टायरेलने लिहिलं होतं.

निघायला तेरा दिवस राहिले होते. अँटिलोपचा परवाना फक्त व्हर्लिनकडे होता. मायलो प्रेअरी डॉग मारायला येत होता, आणि खरं म्हणजे बहिणीच्या जागेवर येत होता. आर्डिस त्याची धाकटी बहीण आणि व्हर्लिनची बायको. फेब्रुवारीत ती गेली.

"सात वर्षं," मायलो म्हणाला. तो दुर्बीण पुसत होता. "सात वर्षं त्या परवान्याच्या सोडतीने तुम्हा दोघांना झुलवलं. आणि ती गेली त्याच वर्षी तुझा नंबर लागला. असला कॉम्प्युटर समोर उभा करून गोळी घातली पाहिजे."

"सोड ना आता."

"सोडतोय कुठे! मी पत्र टाकलंय त्यांना."

व्हर्लिनने रायफल मांडीवर आडवी घेतली. "कुणाला?"

"वायोमिंगच्या त्या खात्याला. जुलैतच टाकलं. म्हटलं, माझी बहीण आर्डिस स्कोगन हिने नवऱ्याबरोबर सात वर्षं अर्ज केला. यंदा नंबर लागला पण ती बघायला उरली नाही. परवाना नका देऊ, पण तिच्या नावाने काहीतरी कागद पाठवा. तुझी जनेल तो फ्रेम करून लावेल. पोरीला आईचं तेवढं तरी राहील." मायलोने सिगारेट बुटाखाली विझवली. "मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तीन दिवस घालवले मी त्या पत्रावर."

व्हर्लिनने रायफल परत उचलली. त्याने चौथी गोळी झाडली. ती पुठ्ठ्याला लागलीच नाही.

"चल घरी," मायलो म्हणाला. "आज तू कोठाराचं दारही चुकवशील."

मायलो आयुष्यभर धान्याच्या कोठारावर कामाला होता, त्यामुळे त्याच्या सगळ्या उपमा कोठारापासून सुरू व्हायच्या. अडुसष्ट वर्षांचा, बायको सोडून गेलेली, मूलबाळ नाही. शनिवारी सकाळी आर्डिसच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायची आणि व्हर्लिनची टर उडवायची, हा त्याचा तीस वर्षांचा रिवाज. आर्डिस गेल्यावरही तो शनिवारी येत राहिला. कॉफी आता व्हर्लिन करायचा आणि ती वाईट व्हायची. मायलो दर वेळी म्हणायचा, "हे डांबर आहे," आणि दोन कप प्यायचा.

गाडीत बसल्यावर व्हर्लिनला एकच हिशोब सुचत होता. जुलैत पत्र गेलं. आता सप्टेंबर निम्मा झाला. म्हणजे उत्तर आज येईल नाहीतर उद्या येईल. आणि त्या उत्तरात एकच गोष्ट असेल, की आर्डिस स्कोगन या बाईने आमच्याकडे कधी अर्जच केला नाही.

कारण तो केलाच नव्हता.

वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला अँटिलोप मारायचा असेल तर जानेवारीत अर्ज भरायचा आणि जूनमध्ये सोडतीची वाट बघायची. नंबर लागला नाही तर एक गुण पदरात पडतो. गुण साठत गेले की चांगल्या भागात नंबर लागायची आशा वाढते. दोघांनी मिळून एक अर्ज भरला तर दोघांच्या गुणांची सरासरी धरतात. एवढाच नियम. व्हर्लिनकडे तीन गुण जमले होते, तेव्हा आर्डिस एक दिवस म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पण येते."

त्याला ती थट्टा वाटली. पण ती गेली आणि शिकारीच्या सुरक्षेच्या वर्गात नाव घालून आली. वय वर्षं पन्नास. वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा फोटो काढला, त्यात ती मागच्या रांगेत मास्तरीणबाईंसारखी उभी होती. परीक्षेत तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. एका मुलाला शंभर मिळाले होते, त्याच्यावर ती महिनाभर जळत होती. मग मायलोने लहानपणी शिकवलेली नेमबाजी तिने परत घासूनपुसून काढली आणि त्या उन्हाळ्यात दोनदा व्हर्लिनला हरवलं.

जानेवारीत व्हर्लिन तळघरात कॉम्प्युटरपुढे बसला. तिचे गुण शून्य. त्याचे तीन. सरासरी दीड. टायरेलशी फोनवर बोलणं झालं तेव्हा टायरेल म्हणाला होता, "मिसेस नवीन असतील तर त्यांचे गुण वेगळे साठवा, अर्ज वेगवेगळे करा. तीन-चार वर्षांनी एकत्र करा." सरळ, प्रामाणिक सल्ला होता. तो आर्डिसला सांगायला हवा होता. पण वरून तिने हाक मारली, "माझं पण नाव घातलंस ना?" आणि त्याने खालून उत्तर दिलं, "घातलं." आणि फक्त स्वतःचं नाव घालून अर्ज पाठवला.

पहिल्या वर्षी खोटं बोलायला गुणांचं कारण होतं. दुसऱ्या वर्षी कारण हे, की पहिल्या वर्षी खोटं बोललो होतो. तिसऱ्या वर्षापासून कारण लागेनासंच झालं. जानेवारीत तिने विचारायचं, त्याने हो म्हणायचं. जूनमध्ये त्याने सांगायचं, "नाही लागला आपला." तिने म्हणायचं, "बरं, पुढच्या वर्षी." ती हिवाळाभर तळघरात बसून काडतुसं भरायची. रिकाम्या पुंगळ्या घासायची, तराजूवर बंदुकीची दारू तोलायची, एक दाणाही कमीजास्त नाही. भरलेल्या डब्यांवर ती चिकटपट्टी लावून लिहायची. तिच्या हातचे सहा डबे फडताळावर होते. प्रत्येकावर लिहिलेलं, 'प्रेअरी डॉग. दोघांसाठी.'

यंदाच्या जानेवारीतही तिने विचारलं होतं. त्या आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. "माझं पण ना?" तिने विचारलं. "हो," तो म्हणाला. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी ती गेली. जूनमध्ये त्याचा परवाना आला.

खाणीतून आल्यानंतर तो रोज टपालाची पेटी बघायला लागला. मायलोच्या पत्राचं उत्तर मायलोच्या घरी येणार हे त्याला कळत होतं, तरीही बघायचा. रोज ठरवायचा, आज सांगून टाकू. मंगळवारी मायलोच्या दारापर्यंत गेला. मायलो बर्फाच्या पेट्या धूत होता. म्हणाला, "आलास? हे धर." मग दोघांनी पेट्या धुतल्या आणि व्हर्लिन परत आला.

टायरेलचा फोन आला. "तयारी झाली का? यंदा शेळ्या भरपूर आहेत." तिथले लोक अँटिलोपला शेळी म्हणतात. "पण वारा लय सुटलाय. दुर्बीण नेमाला बसली ना?"

"बसली."

"परवान्याची प्रत मिळाली मला. आणि व्हर्लिन, मिसेसचं ऐकून वाईट वाटलं. त्यांनी गेल्या वर्षी फोन केला होता. विचारत होत्या, पोटावर रांगताना बायका केस कसे बांधतात. मी म्हटलं, मला काय माहीत!" तो हसला आणि लगेच थांबला. "चांगल्या होत्या बोलायला."

फोन ठेवल्यावर व्हर्लिनने परत यादी घेतली. सुरी धार लावून झाली होती. मांसाच्या कापडी पिशव्या झाल्या होत्या. एकेका ओळीवर त्याने रेघ मारली. परत वरून सुरुवात केली आणि मारलेल्या रेघांवर परत रेघा मारल्या.

गुरुवारी दुपारी तो गॅरेजमध्ये सामान रचत होता. शनिवारी सकाळी निघायचं होतं. मायलोची पिकअप दारात इतक्या जोरात थांबली की खडी उडाली.

"बघ!" मायलो गाडीतून उतरता उतरताच ओरडला. "बघ काय लिहिलंय नालायकांनी!"

हातात लिफाफा. तो फाडून त्याचे दोन तुकडे झाले होते, कागद मात्र नीट घडी केलेला. त्याने तो उघडून मोठ्याने वाचला. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, वगैरे वगैरे. हे बघ, खाली. आमच्या नोंदी तपासल्या असता आर्डिस स्कोगन या नावाने कोणत्याही वर्षी अर्ज केल्याचे आढळले नाही." त्याने कागद व्हर्लिनच्या नाकापुढे धरला. "आढळले नाही! एक नाही, दोन नाही, सातच्या सात अर्ज हरवले यांनी! म्हणजे आर्डिस कधी सोडतीत नव्हतीच. नंबर लागणार कुठून? सात वर्षं ती वाट बघतेय आणि तिकडे तिचं नावच नाही!"

व्हर्लिन हातात बर्फाचा कॅन घेऊन उभा होता.

"मी जाणार आहे तिकडे," मायलो म्हणाला. "शिकार झाली की येताना त्यांच्या ऑफिसात जायचं. दोघांनी. तुझ्याकडे अर्जांचे कागद असतील ना? तू तर गवत कापायच्या मशीनचे पण कागद जपून ठेवतोस. ते टाकू त्यांच्या टेबलावर. बघू काय बोलतात."

"मायलो."

"का? नाहीत?" मायलोने डोकं खाजवलं. "अरे हो. मागे एका वसंतात तुमच्या तळघरात पाणी शिरलं होतं. भिजले असतील. पण फी भरल्याचं बँकेत तर दिसेल ना? तिथे काढू."

कारण समोर आयतं तयार होतं. मायलोनेच ते स्वतःच्या हाताने आणून ठेवलं होतं. भिजले, आणि बँकही इतक्या मागचं देत नाही, एवढंच म्हणायचं. मायलोने दोन दिवस शिव्या दिल्या असत्या, मग पुढच्या शनिवारी कॉफी प्यायला आला असता, आणि मरेपर्यंत वायोमिंगच्या खात्याला बोटं मोडत राहिला असता. तिथे पत्र लिहिणाऱ्या कुणाचं त्याने काही वाकडं झालं नसतं.

"त्यांनी हरवले नाहीत," व्हर्लिन म्हणाला. "मी भरलेच नाहीत."

"काय?"

"तिचं नाव मी कधी घातलंच नाही. अर्जात मी एकटाच होतो."

मायलो हसला. थट्टा आहे असं वाटून माणूस हसतो तसा. मग थांबला. "कधी? यंदा? ती आजारी होती म्हणून?"

"सातही वर्षं."

कुठेतरी शेजारच्यांचा कुत्रा भुंकत होता. मायलोने कागदाची घडी घातली, खिशात ठेवला, परत काढला.

व्हर्लिन बोलत सुटला. गुणांची सरासरी सांगितली. तीन आणि शून्य, मग चार आणि शून्य. टायरेलचा सल्ला सांगितला. एकाच वर्षापुरतं करायचं होतं, मग सांगायला तोंड राहिलं नाही, असं सांगितलं. मायलो ऐकत होता. मध्येच त्याने हात वर केला.

"गुणांचं राहू दे."

"अरे पण तेच तर—"

"गुणांचं राहू दे म्हटलं ना. टायरेलने तुला रस्ता सांगितला होता. तिचे वेगळे साठवता आले असते. आज तिच्याकडेही सहा गुण असते. तू तेही नाही केलंस." मायलोचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला ती बरोबर नको होती."

व्हर्लिनने कॅन खाली ठेवला. हे वाक्य त्याने स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यात चूक काढायला त्याला काही सापडेना.

"चार दिवस," तो म्हणाला. "वर्षातले चार दिवस मला एकट्याला हवे होते. तिच्यापासून दूर असं नाही रे. पण तिचं सगळं नीट असायचं. ती आली असती तर तिने माझ्याआधी मारला असता. तिचा नेम—"

"तिचा नेम चांगला होता. मी शिकवला होता."

"हो."

मायलो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. जमिनीकडे बघतच तो बोलला.

"गेल्या वर्षी जूनमध्ये ती माझ्याकडे आली होती. रुबार्बची आंबटगोड वडी घेऊन. मला म्हणाली, 'मायलो, त्याचा नंबर माझ्यामुळे लागत नाही.' मी म्हटलं, काय बडबडतेस? तर म्हणाली, 'मी सोडतीच्या नियमांची पुस्तिका वाचलीय. एकत्र अर्जात सरासरी धरतात. मी उशिरा आले, माझे गुण कमी. मी त्याला खाली ओढते. एकटा असता तर कधीच गेला असता बिचारा.' मला विचारत होती, 'मी नाव काढून घेऊ का? त्याला वाईट नाही ना वाटणार?'"

व्हर्लिनने गाडीच्या कडेला हात टेकला.

"आणि मी काय सांगितलं असेन? मी तिला म्हटलं, वेडी आहेस का? त्याला तुझ्याबरोबर जायचंय म्हणून तर तो इतकी वर्षं थांबलाय. नाव काढलंस तर त्याचं मन मोडेल." मायलोने मान हलवली. "मी सांगितलं हे. माझ्या तोंडाने."

"तुला काय माहीत होतं."

"मध्ये बोलू नकोस. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, तू खाली कॉफी आणायला गेला होतास. मला म्हणाली, 'आता त्याचा लागेल.' मला वाटलं औषधाची गुंगी आहे. मी म्हटलं, काय लागेल बाई? तर डोळे मिटून घेतले तिने. जूनमध्ये तुझा परवाना आला तेव्हा मला आठवलं. मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणून ते पत्र लिहिलं."

सात वर्षं आपण तिला फसवलं, एवढं व्हर्लिनला माहीत होतं. ते ओझं ओळखीचं होतं, खांद्यावर बसून गेलं होतं. पण ती स्वतःलाच दोष देत गेली, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. एका शब्दाने ते फिटलं असतं. तो शब्द त्याच्याकडे होता आणि तो रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

"मी जात नाही," तो म्हणाला. "टायरेलला फोन करतो आत्ता. परवाना परत करतो."

मायलो एकदम उठला. बादली कलंडली.

"जात नाहीस? त्या एका शेळीसाठी तिला सात वर्षं झुलवलंस आणि आता शेळीच नको झाली तुला? जाशील. निवडुंगावर पोटावर रांगशील. मारशील, सोलशील, घरी आणशील आणि हिवाळाभर बसून खाशील. एक तुकडाही फेकायचा नाही. मी बघणार आहे."

"मग तू येतोयस?"

"तुझ्या गाडीत नाही."

तो आपल्या पिकअपकडे गेला आणि दार उघडून थांबला. "जनेलला कोण सांगणार?"

"मी."

"मी नाही सांगणार. तिने विचारलं तरी नाही. पण निघायच्या आधी तिला कळलं पाहिजे. ती फ्रेम घेऊन बसलीय." दार आपटलं. पिकअप सावकाश गेली, येताना होती त्याच्या निम्म्या वेगाने.

शुक्रवारी व्हर्लिनने सामान रचलं, काढलं, परत रचलं. आर्डिसने भरलेले सहाही डबे तो फडताळापाशी उभा राहून बघत राहिला. शेवटी ते तिथेच ठेवले आणि दुकानात जाऊन तयार काडतुसं आणली. दुकानदाराने विचारलं, "घरच्या भरलेल्या सोडून ही कशाला? आर्डिसच्या हातच्या गोळ्यांची सर नाही याला." व्हर्लिन म्हणाला, "घाईत आहे."

पाच वाजता जनेल शाळेतून घरी येते. ती स्यू फॉल्सला शिकवते. पाचपासून सव्वापाचपर्यंत तो स्वयंपाकघरात उभा राहिला. मग फोन लावला.

शनिवारी सकाळी सातला त्याने गॅरेजचं दार उघडलं तर मायलोची पिकअप रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभी होती. मायलोने काच खाली घेतली नाही. व्हर्लिनने हात केला. मायलोने नुसते दिवे लुकलुकवले. दोघांना दहा तास एकाच दिशेला जायचं होतं, एकाच माळावर, एकाच गाईडकडे, आणि दोन गाड्या निघाल्या.

शेजारची मिसेस टॉलेफ्सन कुत्रं फिरवत होती. ती उभी राहून दोन्ही गाड्यांकडे बघत राहिली. तिला कळेना, एवढं सामान आहे तरी किती.

साउथ डकोटात शिरल्यावर पहिल्या पंपावर व्हर्लिन थांबला. मायलो मागून आला आणि त्याने पंपाच्या दुसऱ्या बाजूला गाडी लावली. दोघांच्या मध्ये पेट्रोलचं मशीन. आकडे फिरत होते. वारा खरंच सुटला होता, टायरेल म्हणाला होता तसा.

"कॉफी घेऊ तुझ्यासाठी?" व्हर्लिनने विचारलं.

"माझी आणलीय."

व्हर्लिन आत जाऊन स्वतःपुरती घेऊन आला. मायलो गाडीची पुढची काच पुसत होता. माश्या चिकटून वाळल्या होत्या, त्या नखाने खरवडत होता.

"जनेलला सांगितलंस?" त्याने काचेकडे बघतच विचारलं.

"काल. सव्वापाचला."

"काय म्हणाली?"

"फोन ठेवला."

मायलोने पुसणं थांबवलं नाही. "मग?"

"मग सातला तिनेच केला. म्हणाली, 'आईला कळलं होतं का?' मी म्हटलं, नाही." व्हर्लिनने कपाचं झाकण काढलं आणि परत लावलं. "तिथेच थांबता आलं असतं. पण नाही थांबलो. म्हटलं, तिला वाटत होतं चूक तिची आहे. तिच्यामुळे माझा नंबर लागत नाही असं समजूनच ती गेली. ती तुझ्याकडे आली होती, तू तिला काय सांगितलंस, हॉस्पिटलात काय म्हणाली. सगळं सांगितलं."

मायलोचा हात थांबला.

"तेही सांगितलंस."

"हो."

"त्याला तर कुणी साक्षीदार नव्हता. माझ्याशिवाय."

"हो."

मायलो गुरुवारनंतर पहिल्यांदा त्याच्याकडे बघत होता. त्याचे डोळे लाल होते, वाऱ्याने असतील. बुबुळं फिकी निळी, आर्डिसची होती तशीच.

"जनेल काय म्हणाली त्यावर?"

"रडली. मग म्हणाली, 'बाबा, थॅंक्सगिव्हिंगच्या सणाला मी येणार नाहीये. ख्रिसमसचं बघू.'"

"ठीक आहे," मायलो म्हणाला. ते जनेलला उद्देशून होतं की त्याला, हे व्हर्लिनला कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. मायलोने फडकं बादलीत टाकलं, नळी मशीनला अडकवली, टाकीचं झाकण दोनदा फिरवून बघितलं. गाडीत बसायच्या आधी तो म्हणाला, "सत्तर मैलांच्या वर जाऊ नकोस. माझी गाडी थरथरते."

व्हर्लिन गाडीत बसला. शेजारच्या सीटवर नकाशा, यादी आणि नारिंगी टोपी होती. पट्टा लावून त्याने गाडी रस्त्यावर घेतली आणि काटा अडुसष्टवर आणून तिथेच धरून ठेवला. पश्चिमेकडे गवत पिवळं पडत चाललं होतं. तो दर दोन-तीन मिनिटांनी आरशात बघत होता. मायलो मागे येत होता.